एका खोलीची दोन कुलपं

पक्षात काम केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, कौलांवर पाला साचतो तसे. आपण म्हणतो, एकदा वर चढून सगळं साफ करू, आणि ते राहून जातं. मग कधीतरी चार माणसं चहाला बसतात, कोणीतरी विचारतं, "भाऊ, त्या वेळी चिटणीस तुम्हीच होतात ना?" आणि मी सांगत बसतो. ऐकणारे हसतात. मीही हसतो. पण खरं सांगू? मला या सगळ्याचा कंटाळा आलाय, आणि तो तेव्हाही आलेला होता.

गोष्टी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या. पक्ष कोणता ते सांगत नाही. त्या काळी डोंबिवलीत नुसतं 'पक्ष' म्हटलं की पुरे होई. स्टेशनाच्या पूर्वेला नोकरदारांची घरं, पश्चिमेला खाडीपर्यंत शेतं, मिठागरं आणि जुनी गावठाणं, आणि मध्ये रेल्वेचं फाटक. माझा छापखाना फाटकाजवळ, त्यामुळे दोन्हीकडची माणसं जाता-येता टेकायची. मी गावसमितीचा चिटणीस झालो तो काही कर्तबगारीमुळे नव्हे. समितीत दोन गट होते, आणि या माणसापासून कोणालाच धोका नाही यावर दोन्ही गटांचं एकमत झालं. माझ्या आठवणीतलं त्यांचं ते शेवटचं एकमत.

पूर्वेच्या गटाचे पुढारी अप्पा खांबेटे. कल्याणच्या कोर्टात वकिली करायचे. बोलणं इतकं सफाईदार की ते नुसतं "बसा" म्हणाले तरी समोरच्याला वाटायचं, आपली केस गेली. पश्चिमेचे हरीशेठ म्हात्रे. भातशेती, गवताच्या जमिनी, थोडं मीठ. अंगाने दांडगे, मनाने मोकळे, पण एकदा अडून बसले की संपलं. दोघंही बेचाळीसला तुरुंगात गेलेले, तेही एकाच बराकीत. तिथे अप्पा हरीशेठना इंग्रजी शिकवायचे आणि हरीशेठ अप्पांच्या वाटणीचं दळण दळायचे. बाहेर आले आणि बिघडलं.

तिसऱ्या मथूताई कारखानीस. त्याही तुरुंग पाहून आलेल्या. पन्नाशीच्या, विधवा, पूर्वी ठाण्याच्या एका शाळेत शिकवायच्या. पक्षाच्या कचेरीत त्यांनी बालवर्ग काढला होता. कचेरी म्हणजे स्टेशनाजवळची एक लांब खोली, पुढे ओटा, आणि ओट्यावर उघडणारी एक गजांची खिडकी. सकाळी तिथे मुलं, संध्याकाळी पक्ष. मुलं भाजी विकणाऱ्या, मिठागरावर जाणाऱ्या, रेल्वेत खडी टाकणाऱ्या बायांची. आया कामावर गेल्या की त्यांच्याकडे बघायला घरी कोणी नसे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या मंडळींत सकाळची जास्त समजूतदार आहेत, असं मथूताई सगळ्यांसमोर म्हणायच्या.

*

फूट तत्त्वावर पडली, असं अप्पा सांगत. हरीशेठही तेच सांगत, फक्त त्यांचं तत्त्व वेगळं होतं. मी तिथे हजर होतो. फूट पडली एका खांद्यावरून.

मुंबईहून एक मंत्री आले होते. कल्याणला गाडी बदलायच्या मधल्या वेळात फलाटावरच सत्कार ठरला. दोन्ही पुढाऱ्यांनी हार घातले, कोणाची तक्रार नव्हती. मग फोटो. फोटोग्राफरने काळं कापड डोक्यावर घेतलं, हलू नका म्हणाला, आणि नेमकी त्याच वेळी इंजिनाची शिट्टी झाली म्हणून हरीशेठ अर्धं पाऊल पुढे सरकले. काही दिवसांनी फोटो आला. मंत्री छान आले होते. हरीशेठ छान आले होते. हरीशेठच्या खांद्यामागे अप्पांचा फक्त एक कान आला होता.

अप्पांनी तो फोटो माझ्या टेबलावर ठेवून पुष्कळ वेळ पाहिला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "भाऊ, हा माणूस हुकूमशाही प्रवृत्तीचा आहे."

हरीशेठना हे कळलं तेव्हा ते खरोखर हळहळले. दुसरा फोटो काढू, अप्पांना एकट्याला उभं करू, असा निरोप त्यांनी पाठवला. अप्पांनी उलट निरोप दिला की प्रश्न फोटोचा नाही. त्या दिवसापासून आमच्या समितीत कुठलाच प्रश्न ज्याचा असेल त्याचा राहिला नाही.

*

मग पत्रकं निघाली. गावात छापखाना एकच, माझा. सकाळी अप्पांचा माणूस यायचा, हरीशेठना सरंजामी वृत्तीचे ठरवणारा मजकूर घेऊन. दुपारी हरीशेठचा माणूस यायचा, अप्पांची देशभक्ती कोर्टाच्या सुट्टीत उगवते असा मजकूर घेऊन. मी दोन्ही ट्रेडल मशीनवर चढवायचो. शाई तीच, कागद तोच, अक्षरांचे खिळे तेच. छापून झाल्यावर 'स्वार्थी' या शब्दाचे खिळे सुटे करणं मी सोडूनच दिलं होतं. जुळवलेला तसाच बाजूला ठेवायचा, संध्याकाळपर्यंत लागायचाच.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटे. दोन्ही पत्रकांचं मराठी अस्सल होतं. अप्पांचं ठीक आहे, पण हरीशेठच्या गटात एवढं लिहिणारा कोण?

एक दिवस निवृत्त शिक्षक भिडे मास्तर प्रुफं बघायला आले. अप्पांचं पत्रक त्यांनी तपासलं. मग सहज हात लांब करून हरीशेठच्या पत्रकाचं प्रूफ ओढलं आणि तेही तपासायला लागले. मी म्हटलं, मास्तर, ते दुसऱ्या बाजूचं आहे.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, अप्पांच्या पत्रकाला उत्तर देऊ शकेल असं त्या गटात आहे कोण? मग मलाच लिहावं लागतं." आणि थोडा विचार करून म्हणाले की या खेपेला अप्पांची बाजू जरा लंगडी पडली आहे, उद्या बघतो.

*

दोन्ही गट एका बाबतीत मनापासून एक होते, आणि त्याचंच जास्त वाईट झालं.

स्टेशनाजवळ सार्वजनिक नळ हवा होता. बायका लांबच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. अप्पांच्या गटाने ठराव केला, हरीशेठच्या गटाने ठराव केला. दोन्ही ठराव अर्थातच भिडे मास्तरांचे. दोन्ही मीच चिटणीस म्हणून ठाण्याच्या सरकारी कचेरीत नेऊन दिले आणि महिन्यामागून महिने वाट पाहिली. शेवटी स्वतः जाऊन हेडक्लार्कसमोर उभा राहिलो.

तो गृहस्थ सज्जन होता. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. एकच अर्ज असता तर नळ मंजूर झाला असता. पण एकाच जागेवर एकाच नळासाठी एकाच पक्षाच्या दोन गटांचे दोन अर्ज आले आहेत. तेव्हा जागा वादग्रस्त दिसते.

"अहो, पण दोघांनाही नळ हवाच आहे," मी म्हटलं.

"तोच तर वाद आहे," तो म्हणाला.

मी परत येऊन दोघांनाही सांगितलं की एकाने अर्ज मागे घ्या. दोघंही तयार झाले, दुसऱ्याने आधी घेतला तर. त्या वर्षी बायका विहिरीवरच जात राहिल्या. त्यांतली एक मला फाटकाशी भेटली तेव्हा तिने डोक्यावरचा हंडा उतरवलाही नाही, नुसती माझ्याकडे बघत पुढे गेली.

*

मग आली कुलपांची गोष्ट.

वार्षिक सभेत पूर्वेच्या गटाने अप्पांना अध्यक्ष निवडलं आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला पश्चिमेच्या गटाने हरीशेठना. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी कोर्टात जाता जाता कचेरीला कुलूप घातलं. दुपारी हरीशेठ आले, कुलूप पाहिलं, बाजारात गेले, त्याहून मोठं कुलूप घेऊन आले आणि त्याच कडीत अडकवलं.

मी धावत गेलो. हरीशेठ शांत होते. "भाऊ, खोली त्यांची एकल्याची हाय का? ऱ्हाव दे दोगांची कुलपां," म्हणाले आणि किल्ली कनवटीला लावून निघून गेले.

आत काय काय राहिलं? पक्षाचा झेंडा राहिला, चरखे राहिले. हरीशेठचा वाचायचा चष्मा राहिला आणि अप्पांची छत्री राहिली. मुलांच्या पाट्या, लाकडी ठोकळे आणि पाण्याचा माठ राहिला. हरीशेठ घरी आलेली पत्रं शेजाऱ्याकडून वाचून घ्यायला लागले. पुढे पावसाळ्यात अप्पा बायकोची छत्री घेऊन कल्याणच्या कोर्टात उभे राहिले. पण कोणी किल्ली काढली नाही.

बालवर्ग ओट्यावर आला. मथूताई दोघांकडे जाऊन आल्या. त्यांनी भाषण केलं नाही, फक्त दार उघडा म्हणाल्या. अप्पांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, मी या क्षणी उघडतो, पण त्यांनी आधी उघडलं पाहिजे. हरीशेठनी त्यांना फणस दिला. "ताई, मी आजच्या आज खोलतो, पन पयले त्यांनी खोलाला पायजे." मथूताई फणस घेऊन परत आल्या आणि ओट्यावर मुलांना वाटून टाकला.

मी पुष्कळ खटपट केली. आधी-नंतरचा प्रश्नच नको, दोघांनी एकाच वेळी किल्ल्या फिरवायच्या, असं सुचवलं. हे दोघांनाही पटलं. पण अप्पांना कोर्टामुळे फक्त रविवार मोकळा. रविवारी दोघं आले, मी मध्ये उभा राहिलो, तीन म्हटल्यावर किल्ल्या फिरल्या. दार उघडलं. दोघंही आत न जाता उंबऱ्याबाहेर उभे राहिले, कारण आधी कोण जाणार हे ठरलं नव्हतं. आजूबाजूला बघून अप्पा म्हणाले, "मुलं कुठे आहेत?"

रविवारी बालवर्ग नसायचा.

दोघांनी आणखी थोडी वाट पाहिली, आपण उघडायला आलो होतो याची मला नोंद घ्यायला लावली आणि परत एकाच वेळी कुलपं लावली. मोठ्या समाधानाने गेले. मी ओट्यावर बसलो आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं की हे सगळं सोडून द्यावं.

*

आता जे सांगतो त्यावर कोणी हसत नाही. पण ते मधून वगळलं तर पुढचं कळणार नाही.

उन्हाळा होता. दहाच्या पुढे ओट्यावर ऊन यायचं आणि मुलं सावली शोधत पांगायची. मथूताई मुलांना प्यायला पाणी न्यायला माझ्या छापखान्यात आल्या होत्या. तेवढ्यात भाजीवाल्या पार्वतीची चिमी उठली आणि चालू लागली. नीट बोलताही न येणारी पोर ती. फाटकवाल्याला ती दिसली तेव्हा दोन रुळांच्या मधून, ठाकुर्लीच्या दिशेने, खडीवर पाय भाजत होते म्हणून उड्या मारत चालली होती. त्याने धावत जाऊन तिला उचलली. तो बाजूला होतो न होतो तोच मेल गेली.

चिमीला काही झालं नाही. मथूताई तिला मांडीवर घेऊन कचेरीच्या बंद दाराला टेकून बसल्या, ते पार्वती बाजारातून येईपर्यंत. मी पाणी दिलं तर त्यांनी ते चिमीच्या भाजलेल्या पायांवर ओतलं आणि तिला आणखी घट्ट धरलं. त्या बाईला मी पोलिसांच्या लाठीपुढे सरळ उभी राहिलेली पाहिली होती. त्या दिवशी मला माझ्या पक्षाची लाज वाटली, आणि मी ते तसंच सांगतो.

संध्याकाळी दोन्ही पुढारी धावत आले. दोघंही कळवळले होते, खोटं कशाला बोलू. पण अप्पा म्हणाले, त्यांनी कुलूप घातलं नसतं तर हे झालं नसतं. हरीशेठ म्हणाले, पहिलं कुलूप कोणाचं? दोघांचे आवाज चढले. मथूताईंनी चिमीच्या आईला आधी घरी पाठवलं, आणि मग दोघांकडे वळल्या.

"इंग्रजांनी आपल्याला कोंडलं होतं तेव्हा निदान किल्ली एकाकडेच होती," त्या म्हणाल्या.

दोघं खाली मान घालून गेले. मला वाटलं, आता दार उघडेल. सकाळी छापखाना उघडतो तर दोन्ही गटांची माणसं पत्रकांचे मजकूर घेऊन पायरीवर बसलेली. दोन्ही मजकुरांत चिमी होती. मी सांगितलं, ट्रेडल मोडलंय. थोड्या वेळाने भिडे मास्तर आले, आत मशीन चालू असल्याचा आवाज त्यांनी ऐकला. आपले दोन्ही मजकूर त्यांनी परत घेतले.

त्यानंतर मुलं कमी झाली. कोणी पोराला मिठागरावर सोबत न्यायला लागली, कोणी खाटेच्या पायाला लुगड्याच्या पदराने बांधून ठेवायला लागली. उरलेल्यांना घेऊन मथूताई माझ्या छापखान्याच्या पडवीत बसू लागल्या. शाईचा वास, मशीनचा धडधडाट, आणि त्यात गाणी. असं किती चालणार? पडवीत जेमतेम एक बाक मावत होता.

*

पावसाळा सरल्यावर ठाण्याहून जिल्ह्याचे एक वयोवृद्ध पुढारी समेट करायला आले. सगळे त्यांना काका म्हणत. काकांचा नियम असा की समेटाला गेल्यावर पक्षपात दिसता कामा नये. म्हणून ते अप्पांकडेही जेवले आणि हरीशेठकडेही जेवले, एकाच दुपारी. अप्पांकडे पुरणपोळी होती. हरीशेठकडे खास त्यांच्यासाठी शाकाहारी बेत, तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. अप्पांनी आग्रह करून जितकं वाढलं तितकंच हरीशेठकडेही मागून घ्यावं लागलं. हरीशेठच्या घरच्यांना वाटलं, काकांना आपलं जेवण फार आवडलं, म्हणून त्यांनी आणखी वाढलं.

समेटाची बैठक माझ्या छापखान्यात होती. काका आले ते सरळ बाकावर आडवे झाले. दोन्ही बाजूंनी आपापली बाजू मांडली. काका डोळे मिटून ऐकत होते, मधून मधून ओवा मागत होते. शेवटी डोळे न उघडता म्हणाले, "निवडणूक घ्या. जिल्ह्याचा निरीक्षक पाठवतो. आणि त्याला कोणी जेवायला घालू नका."

समेट झाला तो एवढाच.

*

निवडणुकीत मत कोणाला? फक्त सक्रिय सभासदांना. सक्रिय म्हणजे अंगावर खादी, आणि स्वतःच्या हाताने कातलेलं सूत पक्षाला दिलेलं.

आता घरातली गोष्ट सांगतो. आमच्या समितीत वर्षानुवर्षं सूत कातत होत्या एकट्या मथूताई. पुढाऱ्यांना वेळ नाही आणि आपल्याला हाताला चाळा लागतो, असं म्हणून त्या सगळ्यांच्या नावच्या सुताच्या गुंड्या, म्हणजे लडी, करून द्यायच्या. अप्पांचं सूत त्यांचं, हरीशेठचं सूत त्यांचं, माझंही त्यांचंच. चिटणीस म्हणून मी पावती फाडायचो. यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही, कारण सूत खरं होतं.

निवडणूक ठरली तशी दोन्ही बाजूंची माणसं पडवीत आली. ताई, या खेपेला जरा जास्त गुंड्या लागतील. मथूताई एका मुलाचं नाक पुसत होत्या. त्या म्हणाल्या, चरखे आत आहेत.

मला वाटलं, आता तरी. पण नाही. अप्पांना शंका आली की दार उघडलं की पश्चिमेवाले चरखे उचलून नेतील, हरीशेठना तीच शंका पूर्वेवाल्यांची आली. दोन्ही गटांनी मुंबईला माणूस पाठवून खादीच्या दुकानातून तयार सूत मागवलं. ती दोन्ही माणसं एकाच गाडीने परत आली म्हणे, एकाच डब्यात, मांडीवर एकसारखी पुडकी घेऊन, एकमेकांशी न बोलता.

*

निवडणुकीच्या दिवशी निरीक्षक आले. किडकिडीत, वयस्क, बोलण्याची फारशी हौस नसलेले गृहस्थ. कचेरीला दोन कुलपं होती म्हणून ओट्यावरच खुर्ची टाकून बसले. समोर दोन्ही गटांचे सभासद, कडक इस्त्रीच्या खादीत. सुताच्या गुंड्यांचा ढीग त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक गुंडी उचलली, बोटांत फिरवली, ठेवली. दुसरी उचलली.

"सूत उत्तम आहे," ते म्हणाले. "सगळ्यांचं सारखंच उत्तम आहे."

मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि सूत कातायची एक टकळी आणि कापसाचे पेळू काढले. प्रत्येकाने हातभर धागा काढून दाखवायचा.

आधी अप्पा उठले. त्यांनी मुद्दा मांडला की नियमात सूत देण्याची अट आहे, कातून दाखवण्याची नाही. निरीक्षकांनी मुद्दा पूर्ण ऐकून घेतला आणि टकळी पुढे केली. अप्पांनी ती फिरवली. टकळी हातातून निसटली, ओट्यावरून गडगडत गेली आणि हरीशेठच्या पायाशी थांबली. हरीशेठनी उचलून लगेच आपली पाळी उरकायचं ठरवलं, पण त्यांच्या बोटांत सगळा पेळूच उपटून आला. "ही काय भातलावनी हाय का," असं पुटपुटत ते बसले. भिडे मास्तर टकळीचा इतिहास सांगायला लागले आणि निरीक्षकांनी ती त्यांच्या हातातून हळूच काढून घेईपर्यंत सांगत राहिले. माझा धागा वीतभर आला आणि तुटला. बाकीच्यांचं सांगत नाही. खादीवर सगळीकडे कापूस चिकटला होता.

शेवटी कोणीतरी मथूताईंना बोलावलं. त्या पडवीतून आल्या, मागे मुलांची रांग. टकळी हातात घेतली आणि एका पोराला पायरीवरून खाली उतर म्हणून सांगता सांगता धागा काढायला लागल्या. धागा निघतच राहिला. निरीक्षक पुरे म्हणाले तेव्हा त्या थांबल्या.

निरीक्षकांनी कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. उमेदवारी अर्ज आधीच मंजूर झालेले, तेव्हा उमेदवार दोन. पात्र मतदार एक.

मग अप्पा पुढे झाले आणि मथूताईंना म्हणाले की आपण निवडून आलो तर बालवर्गासाठी स्वतंत्र इमारतीची योजना मांडू. हरीशेठ म्हणाले की ते जमीनच देतील, आणि वर झोपाळा. मथूताईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि निरीक्षकांना विचारलं, मतदान कुठे करायचं?

"नोटिशीप्रमाणे कचेरीत. गुप्त मतदान आहे. आत दुसरा कोणी सभासद नको."

"मग उघडा," मथूताई म्हणाल्या.

अप्पांनी किल्ली काढली, हरीशेठनी किल्ली काढली. कुलपं गंजली होती, मी छापखान्यातून मशीनचं तेल आणलं. दार उघडलं तेव्हा आतून कोंदट वास आला. निरीक्षकांनी मतपेटी आणि मतपत्रिका आतल्या टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. मथूताईंनी चिमीला कडेवर घेतलं आणि बाकीच्या मुलांना पुढे घालून उंबऱ्याशी आल्या.

अप्पांनी हरकत घेतली, की मुलं आत कशी? हरीशेठनीही मान हलवली. निरीक्षकांनी मुलांकडे पाहिलं, आणि मग त्या दोघांकडे.

"ही कोणत्या गटाची आहेत?"

कोणालाच सांगता येईना. निरीक्षक म्हणाले, मग हरकत नाही.

मुलं आत गेली, मथूताई आत गेल्या, आणि आतून कडी लागल्याचा आवाज झाला.

आम्ही बसलो. चहा आला, कप रिकामे झाले. आतून रिकामा माठ सरकवल्याचा आवाज आला. नंतर लाकडी ठोकळे फरशीवर ओतल्याचा. नंतर मुलं गाणं म्हणायला लागली, आधी दोघं-तिघं, मग सगळी. फाटकापाशी थांबलेल्या दोन बाया गाणं ऐकून ओट्यापर्यंत आल्या आणि आपापली पोरं दारात सोडून गेल्या. दार किलकिलं झालं, पोरं आत गेली, कडी पुन्हा लागली.

हरीशेठनी निरीक्षकांना विचारलं, मतदान कधी संपणार? निरीक्षक म्हणाले, मतदार बाहेर आल्यावर.

"आन ताई भायेर नाय आल्या त?"

निरीक्षकांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, सावकाश चाळलं, मिटलं आणि पुन्हा पिशवीत ठेवलं. "तोवर मतदान चालू आहे."

अप्पांना राहवेना. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि टाचा उंचावून गजांतून आत डोकावले. मथूताई खडू हातात घेऊन खिडकीशी आल्या.

"अप्पा, मतदान गुप्त आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.